चष्मा घेताना पैसे कशाचे द्यायचे?

चष्म्याच्या दुकानात शिरलं की नजर आधी भिंतीवर जाते. काचेच्या फळ्या, मागून सोडलेले दिवे आणि ओळीनं मांडलेल्या शेकडो फ्रेमा. त्यामुळे चष्मा घेणं म्हणजे फ्रेम पसंत करणं, असंच आपण धरून चालतो. फ्रेम पसंत पडते, मग काउंटरवरचा माणूस एक छापील तक्ता पुढे सरकवतो आणि विचारतो, "काचा कुठल्या टाकू?" तक्त्यात खालपासून वरपर्यंत नावंच नावं असतात: हार्ड कोट, एआरसी, ब्ल्यू कट, थिन, अल्ट्रा थिन, ड्राइव्ह. प्रत्येक ओळीला किंमत वाढत जाते. बाराशेची फ्रेम घ्यायला आलेला माणूस चार-पाच हजारांची पावती खिशात घालून बाहेर पडतो, आणि मधले पैसे नेमके कशाला गेले हे त्याला घरी सांगता येत नाही.

कमी पैशांत उत्तम दिसणारा आणि उत्तम दाखवणारा चष्मा मिळतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. काचांचा खर्च काचांचा तक्ता समोर आल्यावर ठरत नाही, तो फ्रेम निवडतानाच बराचसा ठरून गेलेला असतो. चष्मा चेहऱ्याला शोभतो की नाही, हेही ज्या मापांवर ठरतं तीच मापं काचेची जाडी ठरवतात. ही मापं कळली की तक्त्यातल्या निम्म्या ओळींची गरज उरत नाही.

सुरुवात नंबरच्या कागदापासून करू. त्यावर उजव्या आणि डाव्या डोळ्यासाठी स्फिअर, सिलिंडर, अ‍ॅक्सिस आणि चाळिशीनंतर अ‍ॅड असे रकाने असतात. स्फिअर म्हणजे मुख्य नंबर, आणि तो डायॉप्टरमध्ये मोजतात. एक मीटरला नंबरानं भागलं की अर्थ लागतो. उणे दोनच्या माणसाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं, उणे चारच्या माणसाला पाव मीटरपर्यंत. नंबर पाव-पावच्या पायरीनं चढतो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची गोलाई एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी असली तर सिलिंडर लागतो. तो कोणत्या कोनात बसवायचा हे अ‍ॅक्सिस सांगतो. जवळचं वाचायला वरून किती नंबर वाढवायचा, तो अ‍ॅड.

दुकानातल्या यंत्रात हनुवटी टेकवून 'कॉम्प्युटरवर' जो नंबर निघतो तो अंदाज असतो, अखेरचा निकाल नव्हे. त्यानंतर ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत 'आता बरं का मघाशी बरं होतं' असं विचारत जो नंबर पक्का होतो, तोच खरा. हा टप्पा घाईत उरकला जात असेल तर त्या दुकानातून नंबर काढून घेऊ नये. शिवाय मोफत तपासणीत नंबर निघतो, पण डोळ्याच्या आतली तपासणी होत नाही. काचबिंदू सहसा दुखत-खुपत नाही, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या माणसानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाब आणि पडदा तपासून घेणं आवश्यकच आहे. साखर वरखाली होत असेल तर नंबरही तिच्याबरोबर हलतो. मधुमेह आटोक्यात आल्यावर नंबर काढला नाही, तर महागाचा चष्मा महिन्याभरात परका वाटू लागतो. लहान मुलांचे डोळे जवळचं पाहण्यासाठी इतका जोर लावतात की यंत्र फसतं, म्हणून त्यांचा नंबर थेंब घालूनच काढायला हवा.

कागदावर बहुतेक वेळा एक आकडा नसतो, आणि तो मागून घ्यायचा: दोन बाहुल्यांमधलं अंतर. दुकानात त्याला पीडी म्हणतात. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. काचेचं ऑप्टिकल केंद्र बाहुलीसमोर यायला हवं. ते सरकलं तर काच प्रिझमसारखी वागायला लागते, आणि किती वागते हे नंबरावर अवलंबून असतं. उणे पाचच्या चष्म्यात दोन्ही काचांची केंद्रं मिळून चार मिलिमीटर चुकली, तर दोन डायॉप्टरचं प्रिझम तयार होतं. डोळे ते निस्तरत राहतात आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. अशा वेळी माणूस म्हणतो की नंबर चुकला. नंबर बरोबर असतो, बसवण्यात चूक झालेली असते. पाऊण नंबराच्या चष्म्यात एवढीच चूक फारशी जाणवत नाही. म्हणून नंबर जितका मोठा तितकं माप घेणारं दुकान महत्त्वाचं, आणि ऑनलाइन मागवायचं तर पीडी एखाद्या जाणत्या माणसाकडून मोजून घेऊनच मागवावं.

आता कोणतीही फ्रेम हातात घ्या आणि काडीच्या आतल्या बाजूला पाहा. तिथे ५२, मग एक छोटा चौकोन, मग १८ आणि पुढे १४० असं काहीतरी बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ५२ ही एका काचेची रुंदी, १८ हा ब्रिज, म्हणजे नाकावरचं दोन काचांमधलं अंतर, आणि १४० ही काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. किमतीच्या चिठ्ठीपेक्षा हे तीन आकडे जास्त उपयोगाचे आहेत.

का, ते एका उदाहरणानं पाहू. नंबर उणे पाच, पीडी ६२. माणसाला एक मोठी, फॅशनमधली चौकोनी फ्रेम आवडली आहे: ५४-१८. उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, आणि केंद्रापासून कड जितकी लांब तितकी जाडी वाढते. ती साध्या प्रमाणात वाढत नाही, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नाकाच्या मध्यरेषेपासून बाहेरची कड ५४ अधिक ब्रिजचे निम्मे ९, म्हणजे ६३ मिलिमीटरवर येते. बाहुली ३१ वर आहे. तेव्हा केंद्रापासून कडेपर्यंत ३२ मिलिमीटर. साध्या प्लॅस्टिकच्या काचेत ही कड सुमारे सात मिलिमीटर जाड होते. समोरून बघणाऱ्याला डोळे लहान दिसतात, आणि काचेच्या कडेला गालाची रेषा आत सरकल्यासारखी दिसते. दुकानदार म्हणतो, "साहेब, अल्ट्रा थिन टाका." १.६७ निर्देशांकाच्या काचेत हीच कड सुमारे पाच मिलिमीटरवर येते, आणि पावती कित्येक पटींनी वाढते.

आता त्याच माणसानं ४६-२० ची फ्रेम घेतली असं धरू. बाहेरची कड ४६ अधिक १० म्हणजे ५६ वर, बाहुली ३१ वर, अंतर २५. साध्या प्लॅस्टिकमध्ये कड सुमारे पाच मिलिमीटर. म्हणजे लहान फ्रेमेतली सर्वांत स्वस्त काच आणि मोठ्या फ्रेमेतली महागडी काच यांची जाडी जवळपास सारखी. फ्रेम अ‍ॅसिटेटची, जरा रुंद कडेची असेल तर त्या पाचांतले तीन-चार मिलिमीटर तिच्या आतच लपतात. आणि याच लहान फ्रेमेत १.६० ची मधल्या भावाची काच टाकली तर कड चारच्या आसपास येते. हा हिशोब अदमासाचा आहे, काचेचा आकार आणि मधली जाडी यानं थोडा इकडेतिकडे होईल, पण कल हाच राहील. काच लहान असली म्हणून चष्मा चेहऱ्यावर इवलासा दिसेल असंही नाही. काड्या जिथे जोडल्या जातात तिथे फ्रेम बाहेर रुंद केलेली असली, की ती कानशिलापर्यंत नीट पोचते.

निर्देशांकाबद्दल इथेच बोलून घेऊ, कारण दुकानात तो दर्जाचं माप असल्यासारखा सांगितला जातो. तो दर्जा दाखवत नाही, काच प्रकाशाला किती वाकवते हे दाखवतो. साध्या प्लॅस्टिकचं नाव सीआर-३९. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालेलं हे रेझिन, निर्देशांक १.५०. वजन खऱ्या काचेच्या साधारण निम्मं. आणि रंग फुटण्याच्या बाबतीत ते महागड्या पातळ काचांपेक्षा चांगलं. प्रकाशाचे रंग किती कमी फुटतात याचा एक आकडा असतो, त्याला अ‍ॅबे म्हणतात. सीआर-३९ चा तो ५८ आहे, १.६० चा सुमारे ४१, १.६७ चा ३२ आणि पॉलिकार्बोनेटचा ३०. आकडा खाली येईल तसं काचेच्या कडेतून पाहताना ट्यूबलाइटच्या काठाला निळी-पिवळी किनार दिसू लागते. अडीच-तीन नंबरापर्यंत सीआर-३९ पुरेसं आहे आणि दिसायलाही स्वच्छ आहे. तिथे अल्ट्रा थिनचे पैसे देऊ नयेत, एवढं मी ठामपणे सांगेन. तीन ते पाच-साडेपाच नंबराला १.६० योग्य. त्याच्यावर १.६७ चा विचार करावा. मुलांसाठी, खेळणाऱ्यांसाठी, रोज दुचाकी चालवणाऱ्यांसाठी मात्र पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स घ्यावं, कारण आदळल्यावर त्याचे तुकडे डोळ्यात जाण्याचा धोका फार कमी असतो. तिथे जाडीचा विचार दुय्यम. रिमलेस फ्रेम हवी असेल तर काचेला भोकं पाडावी लागतात, आणि सीआर-३९ भोकापाशी तडकतं. म्हणजे रिमलेस घेतली की महाग काच आपोआप आलीच. हा खर्च फ्रेमेच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

देखणेपणाकडे वळू. चौकोनी चेहऱ्याला गोल फ्रेम आणि गोल चेहऱ्याला चौकोनी, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्यात थोडं तथ्य आहे, पण त्याच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात आणि त्या जमल्या तर आकार कोणताही चालून जातो. पहिली रुंदी. फ्रेम कानशिलांच्या रुंदीएवढी असावी. काड्या बाहेर फाकत असतील तर चष्मा अरुंद, कानशिल आणि काडी यांच्यात बोट जात असेल तर रुंद. दुसरी भुवई. फ्रेमेची वरची कड भुवईच्या रेषेला धरून, किंवा तिच्या किंचित खाली असावी. भुवई काचेच्या आत अडकली की चेहरा सतत आश्चर्यात असल्यासारखा दिसतो. तिसरी बाहुली. ती काचेच्या मध्यापासून किंचित नाकाकडे आणि किंचित वर असावी. फार नाकाकडे सरकलेली दिसली तर फ्रेम पीडीला मोठी आहे, म्हणजे डोळे एकमेकांजवळ दिसणार आणि काच जाडही होणार. ज्या फ्रेमेत डोळा काचेत नीट मधोमध बसतो ती जवळजवळ नेहमीच शोभते, आणि स्वस्तही पडते.

नाक हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. अनेक फ्रेमा उंच, धारदार नाकाच्या साच्यावर बेतलेल्या असतात. आपल्याकडे बऱ्याच जणांचं नाक वरच्या बाजूला बसकं किंवा रुंद असतं, आणि अ‍ॅसिटेटची अखंड ब्रिज असलेली फ्रेम त्यावरून घसरत राहते. घामात तर जास्तच. अशांनी धातूची, हलवता येणारे नोजपॅड असलेली फ्रेम घ्यावी, नाहीतर नोजपॅड बसवलेली अ‍ॅसिटेटची घ्यावी. दुकानातच मान खाली घालून पाहा, डोकं दोन्ही बाजूंना हलवा, मोठ्यानं हसा. हसताना गालांनी फ्रेम वर उचलली गेली किंवा पापण्या काचेला लागल्या, तर ती फ्रेम कितीही आवडली तरी परत ठेवावी. नंबर जास्त असलेल्यांना नुसती फ्रेम घालून आरशात स्वतःचा चेहराच दिसत नाही. त्यांनी बरोबरच्या माणसाकडून हाताभर अंतरावरून समोरून आणि बाजूनं फोटो काढून घ्यावेत, मग आपला जुना चष्मा लावून ते पाहावेत. दोन-चार फ्रेमांचे फोटो शेजारी ठेवले की निवड लगेच होते.

रंगाचं म्हणाल तर काळी फ्रेम ही सवयीची निवड आहे. गव्हाळ आणि सावळ्या रंगाला कासवाच्या पाठीसारखा तपकिरी-मधाळ ठिपक्यांचा रंग, गडद हिरवा, वाइन किंवा धुरकट पारदर्शक फ्रेम फार सुंदर दिसते, आणि या रंगांना काळ्यापेक्षा जास्त पैसे पडत नाहीत. एकाच फ्रेमेच्या चार रंगछटा काढून दाखवायला सांगा. दुकानदार कंटाळत नाही, त्याचं कामच ते आहे.

स्वस्त फ्रेम चांगली की वाईट हे ओळखायला नावाची गरज नाही. ती उघडून, उलटी करून सपाट काउंटरवर ठेवा. वरच्या कडा आणि दोन्ही काड्या एकसारख्या टेकल्या पाहिजेत, डुगडुगायला नको. काड्या उघडता-मिटताना बिजागरीत सैलपणा नसावा. अ‍ॅसिटेट तक्त्यातून कापलेलं असतं, त्यामुळे ठिपके जाडीच्या आतपर्यंत जातात. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकवर ते वरून रंगवलेले असतात आणि वर्षभरात कोपऱ्यांवर उडतात. अ‍ॅसिटेट गरम करून कानामागे, नाकावर हवं तसं वळवता येतं, हा त्याचा मोठा गुण. टीआर-९० नावाचं नायलॉन हलकं आणि लवचीक, मुलांना उत्तम, पण ते वळवलेलं टिकून राहत नाही, म्हणून ते पहिल्यापासूनच नीट बसायला हवं. धातूच्या स्वस्त फ्रेमांत तांबं आणि निकेल असतं. घामाघूम होणाऱ्यांच्या आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांच्या नोजपॅडपाशी हिरवी बुरशी जमल्यासारखी दिसते, ती तांब्याची. निकेलनं कानामागे चट्टे उठत असतील तर टायटेनियम घ्यावं. तिथे केलेला खर्च वर्षानुवर्षं पुरतो.

आता थर, म्हणजे कोटिंग. प्लॅस्टिकच्या काचेला हार्ड कोट हवाच, आणि तो बहुधा असतोच. त्यानंतर एआरसी, म्हणजे प्रतिबिंब घालवणारा थर. जर्मनीत झाइसच्या कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यानं १९३५ मध्ये ही पद्धत काढली, ती आधी दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांसाठी. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दोन्ही मिळून आठ टक्के. १.६७ मध्ये हे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांवर जातं. रात्री समोरच्या गाडीचे दिवे काचेत पसरतात ते यामुळेच, आणि फोटोत डोळ्यांऐवजी खिडकी दिसते तीही यामुळेच. एआरसीचे पैसे मी सगळ्यांना द्यायला सांगेन. तो आहे की नाही हे बघणं सोपं आहे. काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. पांढरं लख्ख दिसलं तर थर नाही, फिकट हिरवट किंवा जांभळट दिसलं तर आहे.

ब्ल्यू कटचं मात्र तसं नाही, आणि सर्वांत जास्त आग्रह याचाच होतो. काउंटरवर एक छोटा टॉर्च काढतात, त्याचा निळा-जांभळा किरण साध्या काचेतून कार्डावर पडतो आणि ब्ल्यू कट काचेतून पडत नाही. प्रयोग खरा आहे, पण त्यातून जे सुचवलं जातं ते खरं नाही. या टॉर्चचा किरण बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, म्हणजे जांभळ्याच्या टोकाचा. मोबाइल-लॅपटॉपच्या पडद्याचा निळा प्रकाश ४५० च्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि तो याच काचेतून बराचसा आरपार जातो. शिवाय पडद्याचा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडापुढे अगदीच थोडा असतो. कॉक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये सतरा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात ब्ल्यू कट काचांनी पडद्यामुळे होणारा डोळ्यांचा ताण, निदान थोड्या काळात तरी, कमी होत असल्याचं दिसलं नाही. डोळे चुरचुरतात ते पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटल्या जातात म्हणून, आणि जवळ पाहून स्नायू थकतात म्हणून. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहणं फुकट आहे आणि उपयोगाचं आहे. यूव्ही संरक्षणाचे वेगळे पैसे मागितले तर विचारा, काच कुठली? पॉलिकार्बोनेट आणि पातळ काचा अतिनील किरण मुळातच अडवतात.

उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचांबद्दल दोनच गोष्टी. त्या अतिनील किरणांनी काळ्या होतात, आणि गाडीची पुढची काच ते किरण अडवते. त्यामुळे गाडी चालवताना त्यांचा उपयोग फारसा नाही. आणि त्या थंडीत जास्त काळ्या होतात, उष्म्यात कमी. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात त्या महाबळेश्वरच्या डिसेंबरइतक्या गडद होत नाहीत.

चाळिशी लागली की वेगळा हिशोब सुरू होतो. फुटपाथवर, औषधाच्या दुकानात शे-दोनशे रुपयांना तयार चाळिशी मिळते, आणि लोक तिला नाकं मुरडतात. दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर सारखा असेल, सिलिंडर नसेल, तर पेपर वाचायला, भाजी निवडायला, सुईत दोरा ओवायला ती अगदी योग्य आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन पाहिलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची चहा खुडण्याची गती चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली होती. रोजंदारीवरच्या माणसाच्या घरात इतका मोठा फरक पाडणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी क्वचितच असेल. शिवणकाम करणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, चाळिशी उलटून गेलेल्या बाया नंबर नसल्याच्या समजुतीत डोळे ताणत बसतात, त्यांना ही चाळिशी आणून देण्यासाठी वाट पाहू नये.

लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेत हवं असेल तर प्रोग्रेसिव्ह. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये व्हॅरिलक्स नावानं ती बाजारात आली, आणि रेघ नसल्यामुळे दिसायला छान. पण तिच्यात वाचण्याचा भाग एका अरुंद पट्ट्यातून खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंना धूसर भाग राहतोच. महागड्या प्रोग्रेसिव्हमध्ये तो पट्टा रुंद असतो, धूसरपणा नाहीसा होत नाही. इथे पीडी प्रत्येक डोळ्याची वेगळी मोजावी लागते आणि फ्रेम घातलेली असताना बाहुलीची उंचीही काचेवर पेनानं खूण करून घ्यावी लागते. हे न करता कोणी प्रोग्रेसिव्हची ऑर्डर घेत असेल तर उठावं. काचेची उंची निदान अठ्ठावीस-तीस मिलिमीटर असलेली फ्रेम लागते, बारीक पट्टीसारखी फ्रेम इथे चालत नाही. ज्यांचं काम दिवसभर एकाच अंतरावर आहे, बँकेत, शिलाई मशीनवर, संगणकावर, त्यांना त्या अंतराचा एक साधा चष्मा आणि बाहेरचा एक, असे दोन चष्मे प्रोग्रेसिव्हपेक्षा स्वस्त पडतात आणि दिसतंही जास्त रुंद.

नावाचे पैसे किती द्यायचे हा ज्याचा-त्याचा प्रश्न, पण माहिती असावी. इटलीत अगोर्दो या गावी लिओनार्दो देल वेक्कियो यानं १९६१ मध्ये लक्झॉटिका काढली. रे-बॅन तिनं १९९९ मध्ये विकत घेतला, आणि २०१८ मध्ये ती काचा बनवणाऱ्या फ्रेंच एसिलोरमध्ये मिसळली. काड्यांवर दिसणारी अनेक फॅशनची नावं परवान्यावर याच कंपनीच्या फ्रेमांना लागतात. म्हणजे कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं घराणं स्वतः चष्मा बनवतं असं नाही. आपल्याकडे टायटन २००७ मध्ये आणि लेन्सकार्ट २०१० मध्ये या धंद्यात आलं, आणि बांधीव किमतींची सवय लागली. गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे घासाघीस चालते आणि वळवून देणारा हात अनुभवी असतो, साखळी दुकानात किंमत छापील आणि बदलून देण्याची हमी. दोन्हीकडे चांगलं काम होतं आणि दोन्हीकडे वाईटही. 'एकावर एक मोफत' असेल तर एकाच चष्म्याची किंमत विचारून पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा, फ्रेमेवरचा आणि काचांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावतीवर तोच लागलाय ना, हे बघावं. फ्रेम, काचा आणि थर यांच्या रकमा पावतीवर वेगवेगळ्या लिहून मागाव्यात. जुनी फ्रेम धड असेल तर नुसत्या काचा बदलून घेणं हा सर्वांत स्वस्त मार्ग, फक्त बसवताना तुटली तर जबाबदारी आपली असते.

चष्मा घ्यायला गेल्यावर तो लगेच डब्यात टाकू नये. समोरच लेन्सोमीटरवर नंबर, अ‍ॅक्सिस आणि केंद्रांमधलं अंतर कागदाशी ताडून दाखवायला सांगावं, दोन मिनिटांचं काम आहे. काच हातात धरून दाराच्या उभ्या चौकटीकडे पाहत सावकाश बाजूला सरकवली, तर उणे नंबरात चौकट काचेच्याच दिशेनं सरकते आणि अधिक नंबरात उलट दिशेनं. काच गोल फिरवली आणि चौकटीची रेघ तिरकी झाली, तर सिलिंडर आहे. नवीन सिलिंडरला किंवा प्रोग्रेसिव्हला डोळे रुळायला काही दिवस लागतात. जमीन तिरकी वाटणं, पायऱ्यांचा अंदाज चुकणं तोवर चालतं. आठ-दहा दिवसांनंतरही तसंच वाटलं तर परत जावं, आणि नंबर तपासायच्या आधी फिटिंग तपासायला सांगावं. नाकावरून घसरणं, कानामागे रुतणं हे दुकानात फुकट दुरुस्त करून मिळतं. काचा ज्या पाकिटातून आल्या ते पाकीटही मागून घ्यावं. त्यावर कंपनी, निर्देशांक आणि कोटिंग छापलेलं असतं. तक्त्यातली जी ओळ आपण निवडली तीच काच बसली का, हे त्यावरून कळतं, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्याही दुकानात तेवढंच पाकीट दाखवून भाव विचारता येतो.